चढावरची शिट्टी

ताईची गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा कानसेन एका जुन्या व्हॅनच्या पोटाखाली उताणा पडलेला होता. आधी त्याला गाडीची चाकं दिसली, मग ताईच्या चपला. चपला दारातच थांबल्या. गाडी नीट झाली असती तर ताई हॉर्न वाजवत थेट आत आली असती. कानसेनने पाना छातीवर ठेवला आणि क्षणभर तसाच पडून राहिला. व्हॅनखाली निदान सावली होती आणि तिथे कोणी काही विचारत नव्हतं.

"पुन्हा?" त्याने खालूनच विचारलं.

"पुन्हा," ताई म्हणाली. "आज तर भरलेले ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडून गेले. मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच."

कानसेन सरपटत बाहेर आला. उठताना आधी गुडघ्याला हात लावावा लागला, मग कमरेला. ताई त्याच्यापेक्षा वयाने मोठी, पण ती ताठ उभी होती आणि हा वाकलेला. गाडीत मागच्या सीटवर भावोजी डोळे मिटून बसले होते.

भावोजींची मूत्रपिंडं निकामी झालेली. एक दिवसाआड डोंगरापलीकडच्या इस्पितळात जाऊन मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचा दिवस धड जायचा. तिथे प्रत्येकाची वेळ बांधलेली. आज गाडी चढावर रडतरखडत पोचली तोवर त्यांच्या मशीनवर दुसऱ्या पेशंटला घ्यायची तयारी झाली होती. ताईने हातापाया पडून मशीन मिळवलं, पण वेळ मिळाला निम्माच. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, असं वरचेवर झालं तर अंगातलं पाणी छातीत चढेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. पुढची पाळी परवा सकाळी होती.

बसने जाऊन पाहिलं होतं. भावोजी बसचे कंडक्टर. उभं आयुष्य त्यांनी हलत्या बसमध्ये, कशाला न धरता उभं राहून काढलं, आणि आता त्यांना बसची पहिली पायरी चढवत नव्हती. राहता राहिली ही गाडी. कानसेनकडे स्वतःची मोटरसायकल तेवढी होती. गावभरच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या, पण त्यातली एकही त्याची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"परवापर्यंत होईल ना रे?" ताईने विचारलं.

"होईल," तो म्हणाला. मागच्या दोन्ही वेळा तो हेच म्हणाला होता आणि हे दोघांनाही आठवत होतं.

त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी जग त्याला कानसेन म्हणे, आणि ते काही उगाच नाही. बॉनेट न उघडता, नुसतं गाडीशेजारी मान तिरकी करून उभं राहून तो सांगायचा की मागचं डावं बेअरिंग गेलंय, किंवा पंखा पत्र्याला घासतोय, किंवा तुम्ही पेट्रोलपंप बदला, इंजिनाला काही झालेलं नाही. लांबून लांबून गाड्या यायच्या. इतर गॅरेजवाल्यांनी हात टेकले की म्हणायचे, जा, कानसेनला ऐकवून ये.

या ऐकण्याचा त्याचा एक नियम होता. तो ऐकत असताना कोणी बोलायचं नाही, आणि आवाजाबद्दल तर मुळीच नाही. त्याचं म्हणणं असं की गिऱ्हाईक आवाज सांगायला लागलं की गाडी राहते बाजूला आणि नकला सुरू होतात. कोणी घर्र करतं, कोणी टकटक करतं, एक वकीलसाहेब तर घोड्यासारखं खिंकाळून दाखवायचे. ते ऐकून माणूस भलतीकडेच जातो. म्हणून गाडी सुरू झाली की कानसेन एक बोट वर करायचा आणि भल्याभल्यांची तोंडं बंद व्हायची. ताईसुद्धा गप्प बसायची. आणि ताईला गप्प बसवणारा दुसरा माणूस त्या घराण्यात जन्मला नव्हता.

आई लवकर गेल्यावर याला वाढवलं ताईनेच. शाळेत याचं चित्त नाही हे तिने ओळखलं आणि एके दिवशी कान धरून त्याला एका गॅरेजात नेऊन बसवलं. लग्नानंतरही तिचं अर्धं लक्ष याच्याकडे. भावोजींनी त्याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही. याने स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतःच्या हाताने शटर रंगवलं होतं, आणि रंगवताना आतल्या दोन गिऱ्हाइकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत इतकं हसवलं होतं की रंग ओघळला. त्यांचा आवाजच तसा होता. मागच्या दारातून हाक मारली की ड्रायव्हरच्या पुढ्यातली काच थरथरायची, असं लोक म्हणायचे. आजाराने त्यांचं अंग नेलं, आणि कानसेनला वाटायचं, बोलणंही नेलं. गेल्या काही दिवसांत गाडीची खोड समजावी म्हणून तो स्वतःच त्यांना इस्पितळात घेऊन गेला होता. मागे बसलेल्या भावोजींनी जाताना-येताना तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याला ते बघवत नसे, म्हणून तो पुढे बघून गाडी चालवत राही.

तर गाडी. गाडी डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे काही जादू नाही. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक गरागरा फिरतं, त्याच्या दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा खेचून इंजिनात कोंबतं. जितकी हवा जास्त, तितकं डिझेल नीट जळतं, तितका जोर. लहानशा इंजिनाने मोठ्या इंजिनाचं काम करायचं ते या कोंबलेल्या हवेच्या जिवावर. ताईची गाडी सपाट रस्त्यावर गुणाची असायची. चढ लागला, पेडल दाबलं, की तिला दम लागायचा. मागून काळा धूर, पुढे इंजिनाचा पिवळा दिवा, आणि मग ती जी बसायची ती पाय आपटले तरी उठायची नाही. कॉम्प्युटर जोडला की एकच सांगायचा, हवेचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी. कॉम्प्युटरचं ते बरं असतं. ताप आहे एवढं सांगून तो मोकळा.

पहिल्या वेळी कानसेनने हवेचा फिल्टर बदलला आणि आतली काजळी खरवडून काढली. दुसऱ्या वेळी टर्बोला ताब्यात ठेवणारे बारीक पाइप आणि त्यांचा व्हॉल्व्ह तपासला, व्हॉल्व्ह बदलला. मग राहिल्या हवेच्या जाड रबरी नळ्या. टर्बोतून निघालेली हवा या नळ्यांमधून पुढच्या जाळीत थंड व्हायला जाते आणि तिथून इंजिनात. नळी कुठे चिरली असेल तर कोंबलेली हवा वाटेतच निसटते. हे तपासायची सोपी रीत आहे. नळ्यांचं तोंड बुचाने बंद करायचं, कॉम्प्रेसरने हवा भरायची, आणि कुठे फुसकारा येतो का बघायचं. इतर मेकॅनिक नळ्यांवर साबणाचं पाणी ओततात आणि बुडबुडे शोधतात. कानसेनला ते कमीपणाचं वाटे. आंघोळ गाडीला घालायची की मला, असं तो विचारायचा. त्याने हवा भरली, इंजिनावर ओणवा होऊन कान लावला, डोळे मिटले. काही नाही. दाबाचा काटा हळूहळू उतरत होता हे त्याने पाहिलं, पण बूच जुनं होतं, तेच नीट बसलं नसेल असं त्याने धरलं. स्वतःच्या कानापेक्षा काट्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती.

मग उरला टर्बोच. पार्टवाल्याकडून त्याने दुसरा टर्बो आणवला आणि दोन दिवस घालवून बसवला. जुना काढल्यावर त्याने दोन बोटांनी त्याचा दांडा हलवून पाहिला. दांडा खराब झाला की तो डगमगतो. हा डगमगत नव्हता. कानसेनने तो पुन्हा हलवला, जरा जोरात हलवला, आणि मनाला सांगितलं की थोडा हललाय. दमलेल्या माणसाला मनाची समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत.

आणि आज गाडी दारात उभी होती, नव्या टर्बोसकट, जशीच्या तशी.

भावोजींना घरी सोडून दोघं भाऊ-बहीण चढाकडे निघाले. दुपार कलली होती. गाव मागे पडलं, दगडाच्या खाणी गेल्या, आणि पहिलं वळण आलं. कानसेनने खिडक्या वर करून घेतल्या आणि एक बोट वर केलं. ताई पदर सावरून समोर बघत बसली. त्याने पेडल दाबलं. इंजिनाची घरघर त्याला ऐकू येत होती, टायरखालची खडी ऐकू येत होती, मागच्या सीटखाली पडलेली पाण्याची बाटली गडगडत होती तीही ऐकू येत होती. हवा गळत असती तर चढावर, भरल्या दाबात, ती ओरडलीच असती. ओरडत नव्हती. दुसऱ्या वळणावर पिवळा दिवा लागला आणि गाडीने अंग टाकलं.

त्याने ती कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच ठेवून तो बसला. त्याला भयंकर थकवा आला होता. कामाचा थकवा त्याला माहीत होता, तो झोपेने जातो. हा तसला नव्हता.

"नळ्या ठीक आहेत," तो म्हणाला. "हवा कुठे गळत नाही. गळत असती तर आवाज आला असता."

ताई त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "मग ती शिट्टी कसली?"

"कुठली शिट्टी?"

"ती रे, चढ लागला की वाजते ती. बारीक. आत्ता नाही का वाजत होती, तू गाडी थांबवेपर्यंत? पहिल्यापासून आहे."

कानसेनने पिवळ्या दिव्यावर नजर लावली. त्याने ताईकडे पाहिलं नाही. "ती होय," तो म्हणाला. "ती टर्बोची असते."

"मला वाटलंच. एवढी वाजते म्हणजे तुला ऐकू येतच असणार. म्हणून मी आपली गप्प."

तिचं समाधान झालं होतं. लहानपणापासून ज्याचे कान तिने धुतले, पुसले आणि पिळले, त्या कानांवर तिचा स्वतःच्या कानांपेक्षा जास्त भरवसा होता. कानसेनने गाडी वळवली. उतारावर तो अगदी हळू चालला होता, आणि ताईला वाटलं की तो विचार करतोय. तो विचार करत नव्हता. तो घाबरला होता.

घरी आल्यावर त्याने चहाला हात लावला नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणाला काही नाही. मग थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "आपल्या घरात शिट्टीसारखं, बारीक असं काय वाजतं?"

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "धुण्याचं मशीन वाजतं, धुणं झालं की. तुम्ही त्याच्यापुढेच बसून पेपर वाचता आणि मी हातातलं काम टाकून आतून येते बंद करायला. इतके दिवस काय वाटलं तुम्हाला, मी हौसेने येते?"

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की. पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही माझं कधी ऐकलंय?"

ती खरं तेच बोलत होती. नवऱ्याने आपलं ऐकलं नाही म्हणून त्याचे कान तपासायला हवेत, असं कुठल्या बायकोच्या मनात येणार? संसार जुना झाला की न ऐकणं हे नवऱ्याच्या स्वभावात धरलेलंच असतं. गॅरेजात तर प्रश्नच नव्हता. तिथे त्याच्यापुढे कोणी बोलतच नसे.

कानसेनने दोन टॉवेल मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि स्टूल ओढून समोर बसला. बायको स्वयंपाकघरात गेली. मशीन घुमलं, पाणी गेलं, पुन्हा आलं. त्याचा धबधबा त्याला स्वच्छ ऐकू येत होता आणि त्याला मधूनच बरं वाटत होतं. मग ड्रम थांबला. एक लाल ठिपका उघडझाप करू लागला. कानसेन पुढे वाकला. तो ठिपक्याकडे बघत राहिला, आणि खोलीत काहीही वाजत नव्हतं.

बायको ओले हात पुसत दारात आली. तिने ठिपक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वाजतंय?" त्याने विचारलं.

"कधीचं वाजतंय," ती म्हणाली. या वेळी तिने टोमणा मारला नाही. तिने जवळ येऊन बटण दाबलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेवढंही त्राण त्याच्यात नव्हतं. ज्या कानांवर जन्म काढला ते केव्हा निघून गेले, याचा त्याला पत्तासुद्धा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ताईला गॅरेजात बोलावलं. भावोजींजवळ शेजारीण बसणार होती, म्हणून ताई घाईत आली होती. कानसेनने बूच बसवलं होतं, कॉम्प्रेसरमध्ये हवा भरून त्याची मोटर बंद करून ठेवली होती, आणि हातात पाण्याच्या रबरी नळीचा एक लांब तुकडा घेतला होता. त्याचं एक टोक त्याने ताईपुढे धरलं.

"हे कानाला लाव. दुसरं टोक मी इंजिनात फिरवतो. कुठे आवाज आला तर सांग."

"मी?"

"माझ्या कानांना दडे बसलेत. सर्दी झालीय."

ताईने त्याच्या नाकाकडे पाहिलं. नाक कोरडं ठणठणीत होतं. पण तिने टोक कानाला लावलं. त्याने हवा सोडली आणि वाकून टोक फिरवू लागला. टर्बोच्या तोंडाशी काही नाही. वरच्या नळीवर काही नाही. जाळीजवळच्या सांध्याला ताई म्हणाली, "इथे जरा, म्हणजे लांबून काहीतरी." तो खाली सरकला. गाडीखाली शिरून त्याने टोक खालच्या नळीच्या पट्टीजवळ नेलं आणि ताईने कानापासून नळी लांब केली.

"अगं बाई," ती म्हणाली. "इथे तर फसफसतंय नुसतं. कान फाटेल माझा."

कानसेनने तळवा ओला केला आणि तिथे धरला. गार वाऱ्याची एक बारीक रेघ त्याच्या हाताला लागली. नळीला आवळणाऱ्या लोखंडी पट्टीच्या आड, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. वरून ती दिसणं शक्यच नव्हतं. सपाट रस्त्यावर ती मिटून राहत असणार. चढावर दाब वाढला, इंजिन जरा कललं, की तिचे ओठ उघडत असणार आणि कोंबलेली सगळी हवा शिट्टी वाजवत रस्त्यावर जात असणार. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं त्याने नळी सोडून टर्बो बदलला होता.

पार्टवाल्याकडे नळी मिळाली. बसवायला फार वेळ लागला नाही. ताई स्टुलावर बसून बघत होती. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर कानसेन तिच्या समोर उभा राहिला, हात पुसत राहिला, आणि हात स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिला.

"ताई, जुना टर्बो चांगला होता. मी उगाच काढला."

"बरं."

"आणि ती शिट्टी मला ऐकूच आली नव्हती. काल नाही, आधीही नाही. काल तुझ्याशी खोटं बोललो मी. सर्दीबिर्दी काही नाही. मला ऐकू येत नाही, ताई. मोठं येतं, बारीक येत नाही."

ताई चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिच्या नवऱ्याला मशीनवर निम्माच वेळ मिळाला होता, जिवाशी गाठ होती. ती चिडली नाही. ती खूप दमलेली दिसत होती, इतकी की त्याला तिचं वय एकदम दिसलं.

"मग विचारायचं नाही का?" ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला. मी शेजारी बसलेली असते तुझ्या, रोज. मुकी आहे का मी?"

ताई उठली, जाता जाता तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारीण खोळंबली असेल म्हणून निघून गेली.

परवाची सकाळ उजाडली. गाडी कानसेनच चालवणार होता. भावोजींना उचलूनच मागे बसवावं लागलं, पाय सुजून टमटमीत झाले होते आणि बसल्या बसल्या धाप लागत होती. ताई पुढे बसली. निघताना तिने मागे वळून विचारलं, बरं वाटतंय ना, आणि भावोजींनी नुसते डोळे मिटून उघडले.

खाणी गेल्या. पहिलं वळण आलं. कानसेनने पेडल दाबलं आणि श्वास धरून बसला. गाडीने मान खाली घातली आणि चढ कापायला सुरुवात केली. दुसरं वळण. पिवळा दिवा लागला नाही. पुढचा ट्रक जवळ आला, मोठा झाला, मग बाजूला पडला आणि आरशात मागे मागे जाऊ लागला. काळा धूर नव्हता. तीन माणसांचं ओझं घेऊन गाडी चढतेय असं वाटतच नव्हतं.

"शिट्टी?" त्याने विचारलं.

"गेली," ताई म्हणाली. "कणभर नाही."

त्याने मान हलवली. परवा आणि आज, त्याला दोन्ही वेळा सारखंच ऐकू आलं होतं. जे दुरुस्त झालं होतं ते त्याला आता कायम दुसऱ्याकडूनच कळणार होतं. पण गाडी चढत होती, आणि त्या घडीला त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं की ताई आधी मागे बघतेय आणि मग त्याच्याकडे. पुन्हा मागे, पुन्हा त्याच्याकडे. तिचा चेहरा बदलला होता.

"काय झालं? दुखतंय का त्यांना?" त्याने वेग कमी केला.

"ते तुला विचारतायत," ताई म्हणाली. "तुला ऐकू आलं नाही?"

"बोलले ते?"

ताईने तोंडाला पदर लावला. "नेहमीच बोलतात रे. मी हळूच म्हणायचे, अहो तो इंजिन ऐकतोय, आत्ता त्याच्याशी बोलू नका." मग ती मागे वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याला ऐकू येत नाही. तुमचं काहीच ऐकू गेलेलं नाही त्याला. कधीच नाही."

कानसेनने आरशात पाहिलं. भावोजी दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरून स्वतःला पुढे ओढत होते. त्यांना ते झेपत नव्हतं. ताई नको म्हणत होती. ते ओढत ओढत त्याच्या खांद्यापर्यंत आले, आणि त्यांनी छातीत उरलेली होती नव्हती तेवढी सगळी हवा गोळा केली.

"मला वाटलं," ते म्हणाले, आणि धाप लागून थांबले. "मला वाटलं, तुला आमचा कंटाळा आला. मी विचारायचो, तू नुसता पुढे बघायचास. हिला सांगितलं होतं मी, आजचं जाऊन येऊ. यापुढे मशीन नको. पोरावर किती भार टाकायचा."

कानसेनला रस्ता दिसेना. त्याने गाडी पुन्हा वळणाच्या आत, कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. सगळी वळणं संपत आली होती आणि हाताशी वेळ होता. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याने जी भीती वाटली नव्हती ती त्याला आता वाटली. भावोजी त्याच्या न ऐकण्यामुळे मेले असते, आणि ते कोणालाही कधी कळलं नसतं. त्याला तर नाहीच नाही.

"काय विचारायचात तुम्ही?" तो मागे वळून म्हणाला. "परत विचारा. मोठ्याने विचारा, भावोजी."

भावोजींनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. आवाज चिरका होता, फाटलेला होता, पण त्यात अजून मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत पोचायची खटपट होती.

"दिवस मोडला का रे तुझा, आमच्यापायी?"

"मोडला," कानसेन म्हणाला. त्याने गिअर टाकला आणि गाडी रस्त्यावर घेतली. "परवाही मोडायचाय. वेळेत तयार राहा."